पत्रे हवेत

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. थंडी सरता सरता आलेलं ते पत्र उन्हाळाभर माझ्या शब्दकोशात, 'प' या अक्षरापाशी पडून होतं. उत्तर सुचत नव्हतं असं नाही. उत्तरं पुष्कळ सुचत होती. पण त्यांतलं एकही चर्चच्या लेटरहेडवर लिहिण्यासारखं नव्हतं.

पत्र आमच्या मुख्य कार्यालयाच्या मालमत्ता विभागाचं होतं. हिंदीत, टाइप केलेलं. "आपकी मंडली से बड़ी संख्या में पत्र प्राप्त हुए हैं. ज्ञात हुआ है कि उक्त पत्र खजांची महोदय के आह्वान पर लिखे गए. स्पष्ट करें कि आपने मंडली को किस उद्देश्य से उकसाया."

उकसाया! मी!

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथली 'शांतता राखा' ही पाटीसुद्धा मी शिपायाकडून लावून घेतली होती, कारण मी लावताना कुणी पाहिलं तर त्याला ते आपल्यालाच उद्देशून वाटेल, अशी मला भीती. रिक्षात गाणी मोठ्याने लागली तर मी अलीकडेच उतरतो आणि उरलेलं चालतो. अशा माणसाने म्हणे मंडळीला उकसवलं.

खजिनदार मी कसा झालो ते सांगत बसत नाही. निवडणुकीच्या सभेत सगळे बोलत होते, मी एकटाच गप्प होतो, आणि गप्प माणूस पैशाला बरा असं ठरलं. आमचं चर्च लहान आहे. इंदूरच्या जुन्या वस्तीत, एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला शेवेची भट्टी. विटांच्या भिंती आणि वर पन्हळी पत्र्यांचं छप्पर. रविवारी सकाळी तिथे मराठी उपासना होते. पाळकसाहेब तरुण आहेत, सुशांतजी म्हणतात त्यांना. आमची उपासना उरकून त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या चर्चमध्ये हिंदी उपासनेला पोचायचं असतं, त्यामुळे शेवटचा आशीर्वाद ते बहुधा मोटारसायकलची किल्ली हातात घेऊनच देतात.

तर यंदा माघात मावठा झाला आणि छप्पर गळलं. छप्पर गळायला माझी हरकत नव्हती. खालच्या सगळ्या मोकळ्या जागा सोडून ते नेमकं दौलतरावांच्या डोक्यावर गळलं.

दौलतराव उजागरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. डावीकडून तिसरा बाक, भिंतीकडची जागा सोडून दुसरी, ही त्यांची जागा. भिंतीकडची जागा कुमुदिनीबाईंची. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या जागेवर कुणी बसत नाही आणि दौलतराव तिच्या शेजारून हलत नाहीत.

"दौलतराव, जरा सरकून बसा," मी दबकत म्हटलं.

"का? गाडी रुळावर आहे," ते म्हणाले. "स्टेशन गळतंय. स्टेशन दुरुस्त कर, शाम."

पुढच्या रविवारी ते छत्री घेऊन आले आणि उपदेशाला ती उघडून बसले. छत्रीबाग मोहल्ल्यात राहणारा माणूस चर्चमध्ये छत्री उघडतो, यावर मागच्या बाकांवर जे विनोद झाले ते मी इथे लिहीत नाही. माझ्या मते ते खालच्या दर्जाचे होते आणि मला एकही सुचला नव्हता.

सल्ले मात्र भरपूर आले. कुणी म्हणालं डांबर लावा, कुणी म्हणालं वरून प्लास्टिक टाका, बादलीवाला तर म्हणाला, "सरजी, बाल्टी रख लो, होलसेल में दे दूँगा." शेवटी मी वर मिस्त्री चढवला. तो खाली उतरून म्हणाला, "चद्दर गल गई है. चद्दर बदलो." मग मी सूचना लिहायला बसलो.

इथे माझी पत्नी शशिकला म्हणाली, "अहो, चद्दर लिहा. इथे सगळे चद्दरच म्हणतात."

मी म्हणालो, "चादर पांघरायची असते. छपरावर असतो तो पत्रा. मराठी उपासनेच्या सूचनाफलकावर तरी मराठी असू दे."

"लिहा. मग बघा," ती म्हणाली. 'मग बघा' या दोन शब्दांनी आमच्या घरातले सगळे मोठे प्रसंग सुरू झालेले आहेत.

मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: "उपासना मंदिराच्या छतासाठी पत्रे हवेत. ज्यांना जसे जमतील तसे द्यावेत. जितके जास्त तितके बरे. आपला, खजिनदार." लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला समाधान वाटलं. मला समाधान वाटलं की मी सावध व्हायला हवं, हे मला या वयात कळायला हरकत नव्हती.

रविवारी दानाची थैली फिरली ती फुगून परत आली. आत पाकिटंच पाकिटं. जाड जाड. माझ्या कारकिर्दीत त्या थैलीत नाण्यांखेरीज काही वाजलेलं नव्हतं. मी तिथल्या तिथे डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि वेस्ट्रीत, म्हणजे पाळकसाहेबांच्या मागच्या खोलीत, जाऊन पहिलं पाकीट फोडलं.

आत पत्र होतं. दुसऱ्यात पत्र. तिसऱ्यात पत्र, आणि त्याच्या खाली तळटीप: "मूळ प्रत मुख्य कार्यालयास रवाना केली आहे."

मी थैली तशीच हातात धरून उन्मेषला गाठलं. उन्मेष आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी, एका आयटी कंपनीत आहे, गुणी आहे, आणि सूचनाफलकावरचं व्हॉट्सॲपवर टाकणं हे त्याचं काम.

"उन्मेष, हे काय आहे?"

"लेटर्स, काका! काय रिस्पॉन्स आहे! मी तुमची नोटीस हिंदीत करून टाकली ना ग्रुपवर." त्याने फोन दाखवला. 'चर्च की छत के लिए पत्र चाहिए. जितने ज़्यादा उतना अच्छा. हेड ऑफिस को सीधे भेजें. खजांची जी.'

"हेड ऑफिसला सरळ पाठवा, हे मी कुठे लिहिलं होतं?"

"ते मी ॲड केलं, काका. पत्ता नको का?"

"अरे, पत्रे म्हणजे पत्रे! छपरावरचे!" माझा आवाज चढला. माझ्या आवाजाला चढायची सवय नसल्याने तो मध्येच फाटला. "मी 'हवेत' लिहिलंय. 'हवेत'! कागदाची असती तर 'हवीत' लिहिलं असतं! ते पत्र नपुंसकलिंगी, हा पत्रा पुल्लिंगी!"

उन्मेषने विचार केला. "म्हणजे... हवेत? हवा में?"

मी घरी गेलो.

खरा राग मला नंतर आला, ती पत्रं सगळी वाचल्यावर. आमच्या मंडळीला पैसे मागितले की घसा बसतो, पण पत्र फुकट असतं. त्यामुळे जो तो लिहीत सुटला होता. छताबद्दल प्रत्येकी एक वाक्य होतं. बाकी, पेटी बेसूर आहे. सुगीच्या सणाच्या लिलावातला भोपळा आतून सडका निघाला. सुशांतजी उपदेश आखडता घेतात. सुशांतजी उपदेश लांबवतात. एका बाईंनी तीन पानं फक्त पंख्यावर लिहिली होती. हे सगळं माझ्या नावाने, माझ्या आवाहनावरून, मुख्य कार्यालयाच्या टेबलावर जाऊन पडलं होतं.

आणि मग त्यांचं ते पत्र आलं. शेवटी अशी ओळ होती: "स्पष्टीकरण प्राप्त होने तक छत संबंधी किसी व्यय की अनुमति नहीं दी जाएगी." इमारत फंडात पैसे होते. खजिनदार मी होतो. पण वरच्या परवानगीशिवाय त्यातून एक खिळाही घ्यायची सोय नव्हती. आणि फलकावर दुसरी सूचना लिहायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

मी उत्तर लिहायला बसलो. हिंदीत लिहायला बसलो, आणि तिथेच अडलो. हिंदीत नपुंसकलिंग नाही. ज्या भाषेत नपुंसकलिंगच नाही, तिच्यात मी माझा निर्दोषपणा सिद्ध कसा करणार? पहिला मसुदा व्याकरणाचा धडा झाला. दुसरा माफीनामा झाला, आणि माझी चूक नसताना मी इतकी चांगली माफी मागू शकतो हे पाहून मला माझीच लाज वाटली. तिसरा शशिकलाने वाचला आणि म्हणाली, "हा पाठवा." त्यात शिव्या होत्या. मी तो फाडला.

शेजारचे मोहनराव अकाउंट्समधून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा होळकर दरबारात कारकून होते आणि मोहनरावांच्या बोलण्यात ते अजून नोकरीवर आहेत. ते म्हणाले, "शामराव, पत्राला उत्तर द्यायचंच नाही. आपण स्मरणपत्र लिहायचं."

"कशाचं स्मरण?"

"तेच तर! 'आमच्या पूर्वीच्या पत्राच्या अनुषंगाने.' त्यांना वाटेल, पहिलं उत्तर आपणच हरवलं. आजोबांनी संस्थानात दोन दिवाण असे घालवले."

मला खोटं लिहिता येत नाही. खरं लिहिता येत नव्हतं. पत्र शब्दकोशात गेलं.

उन्हं तापली तशी महानगरपालिकेची माणसं पावसाळ्याआधीच्या पाहणीला फिरू लागली. एके दिवशी चर्चच्या दारावर पिवळा कागद लागला: 'जर्जर भवन. प्रवेश वर्जित.' तो दाराच्या चौकटीत खाली लोंबणाऱ्या 'सर्वांचे स्वागत आहे' या आमच्या पाटीवर चिकटवला होता. डिंक उत्तम होता. बाकी सरकारी कामाबद्दल मला काय वाटतं ते असो, डिंकाबद्दल तक्रार नाही.

मी झोन कार्यालयात गेलो. रांगेत माझ्यापुढे घुसणाऱ्यांना मी नेहमीप्रमाणे जागा दिली, त्यामुळे नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला.

"दुरुस्त करा लो," बाबू म्हणाले. "बारिश से पहले. नहीं तो ताला लगेगा."

"करायचंच आहे. तुम्ही थोडी मुदत द्या."

"छत किसके नाम पे है?"

"चर्चच्या."

"चर्च किसका?"

मी गोंधळलो. "प्रभूचं," मी म्हणालो. माझा हेतू प्रामाणिक होता.

बाबूंनी पेन खाली ठेवलं. "भिया, प्रभु के साइन यहाँ नहीं चलेंगे. हेड ऑफिस से लिखवा के लाओ."

हेड ऑफिसला मी फोन केला. तिथून एक सौम्य आवाज म्हणाला, "पहले आपका स्पष्टीकरण आ जाए. और देखिए, भवन बंद हो भी गया तो चिंता न करें, मराठी आराधना को हम हिंदी आराधना में मिला देंगे. ज्यादा लोग तो हैं नहीं."

ज्यादा लोग तो हैं नहीं. मी फोन ठेवला. आमची मुलं घरात हिंदी बोलतात, नातवंडं तर इंग्रजी. आठवड्यातून एक तास आम्ही म्हातारी माणसं देवाशी ज्या भाषेत बोलतो, ती 'मिला देंगे'. चहात पाणी मिसळावं तशी.

पण मी फोनवर काय बोललो? "जी. बरं. धन्यवाद." असं बोललो. मला स्वतःचा इतका राग आला की संध्याकाळी मी जेवलो नाही, आणि त्यावर शशिकलाने फक्त "भरीत केलं होतं" एवढंच म्हटल्यामुळे आणखी आला.

त्याच आठवड्यात आंधी आली. धूळ, काळोख, आणि चर्चच्या दिशेने मोठा कडकडाट. थोड्या वेळाने मोहनरावांच्या सुनंदावहिनी दारात उभ्या. गच्चीवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या.

"भाऊजी, तुमचा पत्रा आलाय."

"पत्र?" मी चटकन उठलो. "कुणाचं?"

"पत्रा! तुमच्या चर्चचा! उडत आलाय, माझ्या कुरडयांवर पडलाय. परातभर गव्हाचा चीक केला होता हो मी, मळून मळून हात गेले!"

इतक्या महिन्यांत हा शब्द बरोबर समजणारी एकच बाई मला भेटली, आणि तीही मी चुकीचा ऐकला तेव्हा.

"बघा," शशिकला आतून म्हणाली, "तुमचे पत्रे हवेत."

रविवारी आम्ही जमलो तेव्हा डाव्या बाजूला वर आकाश होतं. पिवळ्या कागदाखालून वाकून सगळे आत आले, म्हणजे प्रवेश वर्जित होता पण वाकून चालत होता. दौलतराव आपल्या जागी होते. कडक ऊन पडलं होतं आणि त्यांनी छत्री उघडली होती. नीट पाहिलं तेव्हा दिसलं की छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती. त्यांनी ती भिंतीकडच्या रिकाम्या जागेवर धरली होती. स्वतः उन्हात होते.

उपासनेच्या शेवटी सुशांतजी किल्ली हातात घेऊन म्हणाले, "प्रियांनो, मन लहान करू नका. पुढच्या रविवारपासून आपण मोठ्या चर्चमध्ये जाऊ. छान एसी आहे."

"कॅब शेअर करू," उन्मेष म्हणाला.

"तिथे माझा बाक कुठला?" दौलतरावांनी विचारलं.

"दादाजी, तिथे खुर्च्या आहेत. कुठेही बसा."

दौलतरावांनी मान हलवली आणि छत्री मिटायला घेतली. ती त्यांना मिटेना.

आणि मी उठलो. का उठलो मला माहीत नाही. मंडळीसमोर मी हिशेबसुद्धा खाली बघून वाचतो.

"कुठेही नाही बसायचं!" मी ओरडलो. "त्यांना इथेच बसायचंय! आणि तुम्ही, तुम्ही सगळे, पंख्यावर तीन तीन पानं लिहिता! तुम्हाला कुणी विचारलं होतं? मी पत्रे मागितले होते! पत्रे!" सगळे माझ्याकडे पाहत होते. कुणालाच काही कळलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. उन्मेष हळूच म्हणाला, "काका, लेटर्स तर दिली..."

मग ज्या शब्दासाठी मी शशिकलाशी भांडलो होतो, तो मी सगळ्या जगासमोर उच्चारला.

"चद्दर!" मी वर बोट करून किंचाळलो. "चद्दर चाहिए! चद्दर! छत की चद्दर!"

मग मागच्या बाकावरून गोपीनाथ उठला. गोपीनाथ सांवेरचा, सोयाबीनवाला. त्याची बायको निशिगंधा मराठी, म्हणून तो दर रविवारी आमच्या उपासनेला येतो आणि एक अक्षर न समजता भक्तिभावाने बसतो.

"अरे सरजी!" तो म्हणाला. "चद्दर चाहिए थी? तो पहले बोलते ना! गोदाम की नई बची पड़ी हैं, कब से. मैं भी सोचूँ, छत को चिट्ठी काहे की! फिर भी मैंने दो लिखवा के भेजीं, निशिगंधा से."

मी शशिकलाकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, एवढं मला कळत होतं.

सांवेरहून ट्रॅक्टर आला. पत्रे आले. सोबत गोपीनाथची माणसं आली, वर उन्मेष आणि त्याचे दोन मित्र चढले आणि फोटो काढून झाल्यावर त्यांनी कामही केलं. परवानगीचं काय, असं सुशांतजींनी घाबरत विचारलं. आता खजिनदार मी होतो, आणि नियमावली मी वाचलेली होती, कारण मी छापलेलं सगळं वाचतो. "परवानगी खर्चाला लागते," मी म्हणालो. "खर्च झालेला नाही. दान आलेलं आहे. दान घ्यायला परवानगी लागते असं कुठेही लिहिलेलं नाही." सुशांतजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच थोडासा भीतिदायक दिसलो असणार. मला ते आवडलं, हेही इथे नमूद करतो.

पालिकेचे बाबू कुलूप घेऊन आले, वर बघून चकचकीत पत्र्यांनी डोळे दिपवून घेतले आणि कुलूप घेऊन परत गेले. कागद त्यांनाही पुरता निघेना, फाटून अर्धाच आला. 'सर्वांचे' आणि 'वर्जित' एवढं अजून आमच्या दारावर आहे. दौलतराव आपल्या जागी बसतात. छत्री आणतात, पण मिटलेली, आणि ती भिंतीकडच्या जागेवर आडवी ठेवतात.

इथे हे संपायला हवं होतं. पण मुख्य कार्यालयाचं आणखी एक पत्र आलं. "हमारे पूर्व पत्र का उत्तर अप्राप्त है. छत के वास्तव में जर्जर होने का प्रमाण भी संलग्न करें." प्रमाण!

मी मोहनरावांकडे गेलो. कुरडयांवर पडलेला पत्रा त्यांच्या जिन्याखाली होता, गंजून जाळी झालेला. लोहाराकडून मी त्याचा भल्या मोठ्या पाकिटाएवढा तुकडा कापून घेतला, कडा मुडपून घेतल्या. त्यावर एका ओळीचा कागद चिकटवला. पालिकेच्या तोडीचा डिंक वापरला. त्यावर लिहिलं: "आपका पत्र मिला. हमारा पत्रा मिले."

शशिकलाने पार्सल शिवायला एक जुनी चादर फाडली. शिवता शिवता ती हसू लागली, मग डोळे पुसू लागली, आणि शेवटी म्हणाली, "आत चद्दर, बाहेर चादर. आता तरी कळेल ना त्यांना?"

"आत पत्रा आहे," मी म्हणालो. तेवढं मी सोडणार नव्हतो.

पोस्टात मी रांगेत उभा राहिलो. एक गृहस्थ मध्ये घुसू लागले. मी पार्सल आडवं धरलं. ते मागे गेले.

"अंदर क्या है?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"पत्रा."

"पत्र है तो पार्सल क्यों? लिफाफे में डालो ना, अंकल. सस्ता पड़ेगा."

काही महिन्यांपूर्वी मी "जी, बरं" म्हणून ते घरी परत नेलं असतं.

"रजिस्टर्ड पार्सल," मी म्हणालो.

त्यांनी खांदे उडवले, वजन केलं, पावती फाडली आणि पार्सलवर दणकन शिक्का मारला. आतून ठण्ण असा आवाज आला. पोस्टातली सगळी माणसं वळली.

बाईंनी हात मागे घेतला. "अरे! ये क्या बोल रहा है?"

"जवाब दे रहा है," मी म्हणालो आणि पावती घेतली.